चर्च दाखवायचंय, तयारी कशी करू?

प्रश्न : कुहीतील शाळेत इतिहास शिकवतो. आठवीच्या साठ मुलांना नागपूरचं जुनं चर्च दाखवायचं आहे. काय काळजी घ्यावी? – एक शिक्षक, कुही

उत्तर : सदर भागातलं ऑल सेंट्स कॅथेड्रल निवडा. १८५१ मध्ये ते लेफ्टनंट सँकी यांनी उभारलं. बंगळूरचा सँकी तलावही त्यांचाच.

मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र घेऊन दोन-तीन आठवडे आधी तिथल्या धर्मगुरूंना स्वतः भेटा. रविवार, नाताळ आणि गुड फ्रायडेचा आठवडा टाळा. शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतीपत्रं विसरू नका. एसटीची बस घेणार असाल, तर आगारात सहलीच्या सवलतीची चौकशी करा.

आत तीस-तीसच्या दोन तुकड्या करा. एक आत असताना दुसरी बाहेरून इमारतीचं चित्र काढेल. फोटोची परवानगी आधीच विचारा. वेदीजवळ जाऊ नये, प्रार्थना चालू असल्यास थांबावं, हे वर्गातच समजावा.

जाण्यापूर्वी स्टीफन हिस्लॉप यांची ओळख करून द्या. नागपुरात १८४५ मध्ये आलेले हे मिशनरी विदर्भातल्या शिळावर्तुळांचेही अभ्यासक होते. तुमच्याच तालुक्यातल्या अडमच्या उत्खननाशी हा धागा सहज जुळेल.

परतल्यावर आभाराचं पत्र मात्र मुलांकडूनच लिहून घ्या.