धंदा निवडण्यापूर्वी धंद्याची पाहणी

शेतीस जोड म्हणून एखादा धंदा काढावा, असा विचार आज पुष्कळ शेतकरी कुटुंबांत चालू असतो. हा विचार योग्यच आहे. परंतु धंद्याची निवड बहुधा कशी होते, हे पाहिले म्हणजे काळजी वाटते. शेजारच्या गावी एखाद्यास कोंबड्यांत चार पैसे सुटले, की पाठोपाठ दहाजण शेड उभारू लागतात. पेरणीपूर्वी जमिनीचा कस, पाण्याची सोय आणि बियाण्याची उगवण पाहणारा शेतकरी धंद्याच्या बाबतीत मात्र ऐकीव गोष्टीवर विसंबतो. धंद्यात घातलेले भांडवल पुष्कळदा जमीन तारण ठेवून काढलेले असते. धंदा बसला, तर सातबाऱ्यावरील बोजा तेवढा मागे राहतो.

इमूपालनाचा धडा

इमू हा मूळचा ऑस्ट्रेलियातील पक्षी. त्याचे मांस, तेल, कातडे व पिसे यांना मोठी मागणी आहे, असे सांगून सन २०१० च्या सुमारास तामिळनाडू, आंध्र प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांत त्याच्या पालनाचा पुष्कळ प्रसार झाला. पिलांच्या जोड्या चढ्या भावाने विकल्या जात होत्या. पण या जोड्या घेणारे कोण होते? बहुतेक नव्याने इमूपालन सुरू करणारेच. मांस नियमितपणे विकत घेणारा ग्राहक बाजारात जवळजवळ नव्हता. नवे पालक येत होते तोवर भाव टिकला. ते थांबताच पक्षी दावणीला आणि खाद्याचा खर्च डोक्यावर, अशी स्थिती झाली. सन २०१२ मध्ये तामिळनाडूच्या इरोड जिल्ह्यात पक्षी परत घेण्याची हमी देणारा व्यवहार कोसळला आणि हजारो लोकांच्या ठेवी अडकल्या.

यावरून एक नियम ध्यानात ठेवावा. बियाणे, पिले अथवा यंत्र विकणाऱ्याने सांगितलेला भाव हा बाजारभाव नव्हे. तयार माल शेवटी कोण खातो वा वापरतो, आणि तो कोणत्या भावाने घेतो, हे कळेपर्यंत त्या धंद्यास हात घालू नये.

पाहणी कशी करावी

तुरीची डाळ करण्याच्या लहान गिरणीचे उदाहरण घेऊ. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीवर चालेल असे लहान डाळयंत्र विकसित केले आहे. यंत्र उपलब्ध आहे आणि तूर गावातच पिकते, म्हणून धंदा फायद्याचा होईलच असे नाही. पुढील पाच गोष्टी तपासाव्यात.

१. ग्राहक. तालुक्याच्या गावातील किराणा दुकानदार, खानावळी व आठवडे बाजार येथे स्वतः जावे. डाळ कोठून येते, घाऊक भाव काय, उधारी किती दिवसांची, हे विचारावे. लातूर व अकोला येथील मोठ्या गिरण्यांची डाळ त्याच दुकानात येत असते. तिच्याशी आपली गाठ आहे.

२. कच्चा माल. तूर साधारणतः डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात निघते. वर्षभर गिरणी चालवावयाची, तर हंगामातच तूर घेऊन साठवावी लागते. क्विंटलला ७,००० रुपये भाव धरला, तर १०० क्विंटल तुरीत ७ लाख रुपये गुंतून पडतात. साठ्यास भुंगा लागण्याचे भय वेगळेच.

३. कामाचे दिवस. तुरीचे टरफल चिकट द्रव्याने डाळीस घट्ट धरून असते. ते सुटावे म्हणून दाण्यास तेल-पाणी लावून उन्हात वाळवावे लागते. सबब पावसाळ्यात, निराळी सोय नसल्यास, काम बंद राहते. कर्जाचा हप्ता मात्र बंद राहत नाही.

४. उताऱ्याचा हिशेब. समजा, क्विंटलला ७२ किलो डाळ व २० किलो चुनी-टरफल मिळाले. डाळ ९५ रुपये व चुनी २० रुपये किलो धरल्यास ७,२४० रुपये येतात. म्हणजे ७,००० रुपयांच्या तुरीवर २४० रुपये सुटतात. यातूनच वीज, मजुरी, पोती व वाहतूक भागवावयाची. उतारा ६८ किलोवर आला आणि चुनी २४ किलो झाली, तर ६,९४० रुपयेच येतात व ६० रुपये तोटा होतो. चार किलोंच्या फरकाने धंदा उलटतो. हे भाव केवळ उदाहरणादाखल आहेत; प्रत्येकाने आपल्या बाजारचे भाव घालून हिशेब मांडावा.

५. भावातील चढउतार. सन २०१५ मध्ये तूरडाळीचा किरकोळ भाव किलोस २०० रुपयांच्या घरात गेला होता. पुढे भरघोस पीक आले आणि २०१७ च्या आरंभी तूर ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली विकली गेली. म्यानमार व पूर्व आफ्रिकेतून होणाऱ्या आयातीचाही भावावर परिणाम होतो. म्हणून केवळ चालू वर्षाचा भाव पाहू नये. बाजार समितीतून मागील पाच वर्षांचे भाव मिळवावेत.

बंद पडलेल्या धंद्यासही भेट द्यावी

चांगली चालणारी गिरणी सारेच पाहतात. पण जी बंद पडली, तिच्या मालकाकडे जाऊन कारण विचारणारा विरळा. मजूर मिळेनात, उधारी वसूल होईना, की तूर महाग पडली? त्याच्या तोंडून मिळालेली माहिती पुस्तकातील माहितीपेक्षा अधिक उपयोगी पडते. तसेच खाद्यपदार्थाच्या धंद्यास अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी वा परवाना लागतो, हेही आधीच पाहून ठेवावे.

अशा पाहणीतून पुष्कळदा निराळीच वाट सापडते. वरील उदाहरणात तूर विकत घेण्याऐवजी गावकऱ्यांची तूर मजुरीने भरडून देता येते. नफा थोडा असतो, पण मालात भांडवल अडकत नाही आणि भाव पडल्याचा फटकाही बसत नाही. एक-दोन हंगाम असे काम केल्यावर आपला उतारा, आपला खर्च व आपले ग्राहक यांचा अंदाज येतो. मग साठा करण्याचा विचार करावा.

ग्रामकार्यकर्त्यांना एक विनंती आहे. अनुदानाचा अर्ज भरून देण्यापूर्वी अर्जदारास या पाच मुद्द्यांची उत्तरे त्याच्या स्वतःच्या हाताने एका वहीत लिहावयास सांगावीत. अनुदान मिळते म्हणून धंदा निवडणे चुकीचे आहे. अनुदान नसतानाही हिशेब बसतो काय, हे पाहावे. उत्तर नकारार्थी आले तरी पाहणी वाया गेली असे मानू नये. महिनाभराची पायपीट आणि एस. टी. चे भाडे एवढ्या खर्चात जमीन कर्जातून वाचली, तर तोही त्या वर्षाचा मोठा लाभच होय.