सांगली : सिलॅबसबाहेरचा विषय

कॉलेजचं गाव म्हणजे काय? 'ज्या गावात कॉलेज असतं ते' हे उत्तर एका मार्काचं झालं. आठ मार्कांसाठी थोडं सविस्तर लिहायला हवं!

कॉलेजं पुण्या-मुंबईतही ढिगाने आहेत, पण तिथे विद्यार्थी गर्दीत विरघळून जातो. सांगली-मिरजेचं तसं नाही. १९१९ मध्ये विलिंग्डन, १९४७ मध्ये आपलं वालचंद, १९६२ मध्ये मिरजेचं मेडिकल कॉलेज. इतकी वर्षं पोरं सांभाळून या गावाला त्यांची सवय झालीय. सबमिशन कधी आहे हे झेरॉक्सवाल्या काकांना आपल्याआधी कळतं. सलग दोन दिवस जेवायला गेलो नाही, तर मेसच्या मावशी रूममेटकडे चौकशी करतात. महिनाअखेरीला भडंगावर दिवस निघतो. हे झालं आकर्षण नंबर एक.

नंबर दोन जास्त महत्त्वाचं : हे गाव फुकट शिकवतं.

उदाहरण पहिलं. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आम्ही कॉन्व्हेंटवाल्यांनी फक्त 'वाक्यात उपयोग करा'साठी पाठ केलेला. खरं पेव हरिपूरला कळतं. जमिनीत खोल खड्डा, आत गवताचं अस्तर, त्यात हळद भरायची आणि तोंड मातीने बंद. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही. वीजबिल शून्य!

उदाहरण दुसरं, सिव्हिलवाल्यांसाठी. १९२९ चा आयर्विन पूल. कृष्णेची धोक्याची पातळी इथे ४५ फूट. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. 'हाय फ्लड लेव्हल' म्हणजे काय, हे पुस्तकापेक्षा तिथे उभं राहून लवकर समजतं.

तिसरं, मिरजेची सतार. फिटिंग शॉपमध्ये आपण जी कानस घासतो, तशीच कानस घेऊन कारागीर तारेखालची घोडी किंचित घासतात आणि जवारी काढतात. आपण जॉब मोजतो व्हर्नियरने, ते मोजतात कानाने.

आता मुद्द्याचं. हॉस्टेल, मेस, कॉलेज आणि एस.टी. स्टँड एवढ्या चार पॉइंट्समध्ये आपली चार वर्षं संपतात. गाव आपल्याला ओळखतं, आपण गावाला ओळखत नाही. आणि हा विषय बॅकलॉग ठेवून पुढे काढण्यासारखा नाही. २००५ च्या पुरात हरिपूरची कितीतरी पेवं वाया गेली, त्यानंतर बरीचशी हळद गोडाऊन आणि कोल्ड स्टोरेजकडे वळली. पेवं मोजकीच उरलीत. तिकडे आपणही प्लेसमेंट झाली की पुणे, बंगलोर. मग सांगली उरणार ती फक्त मार्कशीटवर.

म्हणून मित्रांनो, एक रविवार काढा. विश्रामबागेतून सायकल काढलीत तर एका अंगाला हरिपूर, दुसऱ्या अंगाला मिरज. अटेंडन्स कुणी घेणार नाही, सबमिशन नाही, ओरल मात्र आहे. तिथल्या माणसांशी बोलायचं, आणि प्रश्न आपण विचारायचे!