पुस्तक अर्ध्यावर मिटलं, तर?

प्रश्न : ब्रेट ईस्टन एलिस यांची ‘अमेरिकन सायको’ मला पुढे वाचवेना. मैत्रिणीला मात्र ती थोर वाटते. माझी समज कमी पडते का?

उत्तर : मुळीच नाही. या कादंबरीवर सुरुवातीपासून दोन तट आहेत. सायमन अँड शुस्टरने १९९०मध्ये ती छापायला नकार दिला. १९९१मध्ये व्हिंटेजने काढली. लेखकाला ठार मारण्याच्या धमक्याही आल्या. खुनी पॅट्रिक बेटमन स्वतःच निवेदक आहे. उंची कपडे आणि हत्या तो एकाच थंड सुरात सांगतो. कुणाला त्यात वॉल स्ट्रीटच्या चंगळवादावरची टीका दिसते, कुणाला स्त्रियांवरच्या क्रौर्याचं प्रदर्शन. दोन्ही प्रतिक्रिया प्रामाणिक आहेत. टीका कळली म्हणून वर्णनं सोसलीच पाहिजेत, असं नाही. मेरी हॅरन यांचा या कादंबरीवरचा २०००चा चित्रपट पाहा. त्यात हिंसा बरीच कमी दाखवली आहे. मग मैत्रिणीशी मोकळेपणाने वाद घाला.