निकोटिन आणि आतड्यांचा दाह : एक अर्धसत्य

गेल्या पावसाळ्यात पंधरा वर्षांचा एक मुलगा आईसोबत तपासणीस आला. दीड वर्षापूर्वी त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिसचे निदान झाले होते. आता पुन्हा रक्ताचे जुलाब सुरू होते. आई बाहेर गेल्यावर त्याने हलक्या आवाजात विचारले, "डॉक्टरकाका, तंबाखूने हा आजार बरा होतो ना?" खिशात पुडी होती आणि मेसालाझिनच्या गोळ्या त्याने महिनाभर घेतल्याच नव्हत्या. रागावणे सोपे होते. पण त्याने जे वाचले होते ते सपशेल खोटे नव्हते, हीच खरी अडचण.

१९८२ साली कार्डिफच्या हॅरीज, बेअर्ड व ऱ्होड्स यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक विलक्षण निरीक्षण मांडले. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांपैकी केवळ ८ टक्के धूम्रपान करणारे होते; तुलनेच्या गटात हेच प्रमाण ४४ टक्के होते. सिगारेट सोडल्यानंतर हा आजार प्रथमच उद्भवलेले रुग्णही पुढे अनेकांच्या पाहण्यात आले. मग निकोटिनचीच चाचणी घेण्याचे ठरले. १९९४ च्या अभ्यासात ७२ रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत सहा आठवडे त्वचेवरील पट्टी दिली गेली. निकोटिनच्या गटातील ३५ पैकी १७ जणांची लक्षणे पूर्ण शमली, तर नुसत्या पट्टीच्या गटात ३७ पैकी ९ जणांची.

पुढच्याच वर्षी मात्र उत्साह ओसरला. आजार शमलेल्या रुग्णांना सहा महिने पट्टी देऊन पाहिली असता तो उलटण्याचे प्रमाण कमी झाले नाही. शिवाय मळमळ, डोकेदुखी, निद्रानाश हे त्रास होतेच. नंतरच्या एकत्रित आढाव्यातही निकोटिन हे निष्क्रिय पट्टीपेक्षा सरस, पण प्रचलित औषधांपेक्षा सरस नाही, असेच दिसले. २००३ साली निकोटिन मॅक्रोफेज पेशींवरील अल्फा-७ ग्राहकावाटे दाह रोखते हे सिद्ध झाले; कुतूहल वाढले, उपचार मात्र रूढ झाला नाही.

बालरोगतज्ज्ञाला याहून मोठी धास्ती वेगळीच असते. आतड्यांच्या दाहाची दुसरी जात म्हणजे क्रोन्स डिसीज, आणि त्यात धूम्रपान उलटेच वागते : आजार बळावतो, शस्त्रक्रियेची वेळ अधिक येते. लहान मुलांत या दोहोंपैकी नेमका कोणता हे पहिल्या कोलोनोस्कोपीत अनेकदा ठरत नाही, आणि काहींचे निदान पुढे बदलतेही. आपल्याकडे तर आतड्याचा क्षयही क्रोन्सचे सोंग घेतो. असे असताना 'आतड्याच्या सुजेवर निकोटिन' असे सरसकट म्हणणे म्हणजे कुलूप न पाहता किल्ली फिरवणे. त्यातून राजवाड्याजवळच्या टपरीवरील पुडीत निकोटिन किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. सोबत येणारा तोंडाचा कर्करोग आणि कोवळ्या वयात जडणारे व्यसन मात्र हमखास.

हे सारे मी त्या मुलाला कागदावर मोठ्या व लहान आतड्यांची चित्रे काढून समजावले. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे गोळ्या सोडायला नको होत्या." सोडलेल्या महिन्यापायी त्याला काही आठवडे स्टिरॉइड घ्यावे लागले. पुडी त्याने माझ्या टेबलावर ठेवली. आईला हे कसे आणि किती सांगायचे, तेवढे आम्ही दोघांनी मिळून ठरवले व मगच दार उघडले.