अंध सहाध्यायी आणि आपले वर्गाध्यापन

दोन वर्षांपूर्वी मी बारावीत असताना आमच्याच गल्लीतला, बी. ए.च्या प्रथम वर्षात शिकणारा एक मित्र मला म्हणाला, "माझा लेखनिक होशील का?" तो जन्मांध. मला वाटले, तो सांगेल आणि मी लिहीन. यात अवघड ते काय? त्या परीक्षेने मला जे शिकवले, ते गुरुजन व विद्यार्थी मित्रांपुढे नम्रपणे मांडतो.

पहिल्याच पेपरात माझ्या हातून चूक घडली. त्याचे एक वाक्य मला कच्चे वाटले, म्हणून मी ते मनानेच सजवून लिहिले. उत्तर वाचून दाखवताना त्याच्या ते लक्षात आले. तो शांतपणे म्हणाला, "ते खोड. मी सांगितलं तेच लिही. पेपर माझा आहे." त्या क्षणी मला राग आला, पण घरी जाताना उमगले, की मदतीच्या नावाखाली मी त्याची परीक्षाच हिरावून घेत होतो.

पुढे त्याने मला ब्रेल लिपी शिकवली. लुई ब्रेल (१८०९–१८५२) या फ्रेंच अंध शिक्षकाने सहा ठिपक्यांची ही लिपी सिद्ध केली. भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' १९५१ साली स्वीकारली गेली. पहिला ठिपका म्हणजे 'अ', पहिला व दुसरा मिळून 'ब', पहिला व तिसरा मिळून 'क'. पाटीत जाड कागद अडकवून टोचणीने उजवीकडून डावीकडे टोचत जायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे बोटांनी वाचायचे. आपली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते. ब्रेलमध्ये मात्र आधी 'क' व मग 'इ', म्हणजे अगदी उच्चाराच्या क्रमाने!

महाराष्ट्रात हे शिक्षण नवे नाही. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. १९९५ च्या कायद्याने अपंगांसाठी शिक्षणसंस्थांत किमान ३ टक्के जागा राखल्या. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगतेचे २१ प्रकार मान्य केले आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत हे प्रमाण किमान ५ टक्के केले. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखनिक घेणाऱ्यास तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. परंतु कायदा विद्यार्थ्याला वर्गाच्या दारापर्यंत आणून सोडतो. आतले काम आपले आहे.

भूगोलाच्या तासाला फळ्यावरील नकाशा दाखवून सांगितले जाते, "ही नदी इथून अशी वळते." 'इथून' म्हणजे कुठून? एका संध्याकाळी आम्ही पुठ्ठ्यावर जाड सुतळीची गोदावरी चिकटवली, बारीक दोऱ्याची सिंदफणा तिला जोडली आणि माजलगावच्या धरणासाठी दोऱ्यावर आगपेटीची काडी आडवी लावली. दोऱ्यावरून सरकणारे त्याचे बोट काडीपाशी अडले. तो म्हणाला, "लहानपणापासून धरण-धरण ऐकतोय. ते नदीला असं आडवं असतं, हे आज कळलं!" ज्या धरणाचे नाव रोज तोंडी, त्याचे रूप त्याला कोणीच सांगितले नव्हते. उणीव त्याच्या डोळ्यांत होती, तशी आमच्या सांगण्यातही होती.

यावरून तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. फळ्यावर लिहिताना शिक्षकांनी ते मोठ्याने उच्चारावे आणि 'हे', 'ते' ऐवजी नाव घेऊन सांगावे. टिपणे युनिकोडमध्ये टंकून द्यावीत. तशी टिपणे मोबाईल मराठीत वाचून दाखवतो, वहीच्या पानाचे छायाचित्र त्याला नीट वाचता येत नाही. आणि आपण विद्यार्थ्यांनी आळीपाळीने आठवड्यातून एक तास वाचक व्हावे. यांपैकी कशालाही अनुदान लागत नाही.

माझा मित्र आता तृतीय वर्षात आहे. मी त्याला वाचून दाखवतो, तेव्हा न समजलेल्या वाक्यावरून मला पुढे सरकू देत नाही. "थांब, पुन्हा वाच," म्हणतो. पुन्हा वाचताना कळते, की ते वाक्य मलाही समजलेले नव्हते.