भिंतीस व छतास छिद्र न पाडता मत्स्यटाकीवर दिवा टांगण्याची रीत

शेतीस जोडधंदा म्हणून शोभिवंत माशांचे संगोपन आता खेड्यापाड्यांतूनही होऊ लागले आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनासही स्थान देण्यात आले. बीड जिल्ह्यातील अनेक विहिरींचे पाणी जड असते. असे जड पाणी गप्पी, मॉली व प्लॅटी या पिले घालणाऱ्या जातींना चांगले मानवते. त्यामुळे एक-दोन काचटाक्यांवर हा धंदा शिकून घेणे येथील कुटुंबांना अवघड नाही.

टाकी घरात आली की पहिला प्रश्न उजेडाचा उभा राहतो. जुन्या घरांच्या खोल्यांत झरोके थोडे व उजेड बेताचा असतो. पाणवनस्पती वाढण्यास व माशांची प्रकृती रोज नीट पाहता येण्यास टाकीवर दिवा हवाच. तो टांगण्यासाठी बहुतेक जण प्रथम हातोडा व खिळा शोधतात. ही घाई घरास व टाकीस दोहोंसही अपायकारक आहे.

छिद्र का पाडू नये?

आपल्याकडील माळवदाच्या घरात खांब, तुळया, दांड्या, त्यांवर किलचा व सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी रचना असते. खालून खिळा ठोकला की किलचा हलतात आणि वरची माती सैल होते. प्रथम टाकीत माती गळते व पुढे पावसाळ्यात तेथूनच पाणी झिरपू लागते. भिंतीही बहुधा मातीत रचलेल्या दगडांच्या असतात. त्यांत ठोकलेल्या खुंटीची पकड दिवसेंदिवस ढिली होत जाते.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या दगडी भिंती व त्यांवरील मातीच्या छतांचा प्रचंड भार हे त्या हानीचे एक प्रमुख कारण होते. हा धडा आपल्या शेजारचाच आहे. आधीच भाराने दबलेल्या भिंतींना व छतांना ठोकाठोकीने अधिक दुबळे करणे शहाणपणाचे नव्हे. बीड, परळी किंवा अंबाजोगाई येथे भाड्याच्या पक्क्या खोलीत राहणाऱ्यांपुढे घरमालकाच्या संमतीचा प्रश्न असतोच. त्यांनाही पुढील रीत उपयोगी पडेल.

टाकीचा भार हाच दिव्याचा आधार

60 सेंटिमीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद व 30 सेंटिमीटर उंच अशी टाकी घ्या. तीत 25 सेंटिमीटर पाणी भरले तर ते 45 लिटर, म्हणजे 45 किलो भरते. काच व वाळू धरून हा भार 60 किलोच्या आसपास जातो. अशा टाकीस पुरणारा 10 ते 15 वॅटचा एलईडी दिवा मात्र सामान्यतः एक किलोपेक्षाही हलका असतो. टाकीचे वजन जमिनीवर भक्कम बसलेले असताना एवढ्याशा दिव्यासाठी छताचा आश्रय कशाला? दिवा टाकीच्या घडवंचीलाच जोडावा.

सांगाड्याची रचना

1. लोखंडी अँगलची 75 सेंटिमीटर उंचीची घडवंची घ्यावी. जमीन मातीची असल्यास पायांखाली शहाबादी फरशी बसवून पातळी साधावी.

2. घडवंचीच्या दोन्ही अरुंद बाजूंस, मधोमध, प्रत्येकी 150 सेंटिमीटर लांबीचा अँगल उभा लावावा. तो वरच्या व खालच्या अशा दोन्ही आडव्या पट्ट्यांना बोल्टने आवळावा. एकाच ठिकाणी आवळल्यास तो डुलतो.

3. दोन्ही उभ्यांच्या माथ्यावर सुमारे 70 सेंटिमीटरची आडवी दांडी बसवावी. म्हणजे टाकीच्या काठावर 45 सेंटिमीटर मोकळी जागा राहते. एकूण 370 सेंटिमीटर अँगल पुरतो. हे काम गावचा वेल्डिंगवाला सहज करून देतो.

4. दांडीपासून दिव्याची दोन्ही टोके बारीक साखळीने टांगावीत. साखळीच्या कड्या बदलून दिवा वरखाली करता येतो. पाण्यापासून 20 ते 30 सेंटिमीटर उंची ठेवावी.

5. दोन्ही साखळ्यांखेरीज एक जादा तार दिव्यास सैल बांधावी. साखळी निसटली तरी ही तार दिवा पाण्यात पडू देत नाही.

सांगाडा करणे शक्य नसल्यास माळवदाची उघडी तुळई उपयोगी पडते. तुळईस गोणपाट गुंडाळून त्यावरून दोरीचा वेढा द्यावा. खिळा मारू नये. लाकडास वाळवी लागली असल्यास तो आधार सोडून द्यावा. पाळण्यासाठी पूर्वीच बसविलेली पक्की कडी असेल तर टाकीच तिच्याखाली आणावी. पत्र्याच्या घरात पत्र्यास न टांगता खालच्या लोखंडी अँगलला शिकंजा लावावा. चिकटपट्टीचे आकडे चुना लावलेल्या किंवा ओलसर भिंतीवर टिकत नाहीत. भिंतीपासून भिंतीपर्यंत दाबून बसविण्याची नळीही मातीच्या भिंतीस बाहेर रेटते. म्हणून हे दोन उपाय येथे वर्ज्य समजावेत.

आधार कोणताही असो, टाकी बाजूस असतानाच त्यास पाच किलोचे वजन एक दिवस टांगून पाहावे. त्यानंतरच दिवा चढवावा.

विजेची सावधगिरी

पाणी व वीज यांची गाठ जिवावर बेतते. दिव्याची तार थेट बोर्डाकडे न नेता मध्ये खाली झोल द्यावा. त्यामुळे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकते व बोर्डात शिरत नाही. घराचे अर्थिंग नीट असावे आणि 30 मिलिअँपिअरचे गळती-रोधक स्विच बसवून घ्यावे. टाकीत हात घालण्यापूर्वी पिन काढावी. नुसते बटण बंद करून भागत नाही. टाकीवर काचेचे झाकण ठेवावे, म्हणजे माळवदाची माती पाण्यात पडत नाही. उन्हाळ्यात मात्र झाकणास फट ठेवावी, नाही तर पाणी तापून माशांना प्राणवायू कमी पडतो.

उजेडाची वेळ

रोज आठ तास उजेड पुरे. काचेवर हिरवे शेवाळ वाढू लागल्यास दिवा वर उचलावा किंवा एक-दोन तास कमी करावेत. वीज गेल्याने बुडालेले तास रात्री जागून भरून काढू नयेत. माशांनाही अंधाराची विश्रांती लागते.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांसाठी

आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मागे वृद्ध माणसे व मुले राहतात. निघण्यापूर्वी बोल्ट, साखळी व जादा तार स्वतः तपासावी, आणि पिन काढूनच टाकीत हात घालावयाचा हे घरातल्या प्रत्येकास करून दाखवावे. घरी कोणीच राहणार नसेल तर मासे शेजाऱ्यांकडे सोपवून दिवा उतरवून ठेवावा. बोल्टवर उभा केलेला सांगाडा पान्याने सुटतो, पुन्हा जोडता येतो, आणि घराच्या भिंतीवर व माळवदावर त्याचा ओरखडाही उरत नाही.