संध्याकाळचा वर्ग घ्यावा का?

चि. मुक्ता,


सॅन होजेच्या कम्युनिटी कॉलेजात स्टॅटिस्टिक्सचा एक वर्ग अर्धवेळ मिळतोय, घेऊ का, असं विचारलंस. घे. नोकरी मात्र सोडू नकोस.

शिकवायची खरी ओढ असेल तर यासारखी जागा नाही. माझ्या संध्याकाळच्या वर्गाला हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून थेट आलेल्या बायका असायच्या, सैन्यातून परतलेली मुलं असायची. प्रवेशाला गुणांची अट नाही. अपूर्णांक पाहून बिचकणारी मुलगी आणि दोन वर्षांनी बर्कलीला जाणारा मुलगा शेजारी शेजारी बसतात. त्यात राज्याच्या २०१७च्या कायद्यानंतर पायाभूत गणिताचे वर्ग जवळजवळ संपले. कच्चं गणित असलेली मुलंही आता थेट तुझ्यासमोर येतील. त्यांना सॅम्पलिंग समजावून देताना विषय तुला स्वतःला नव्याने कळेल. एवढं समाधान मला दुसऱ्या कुठल्याही कामात मिळालं नाही.

आता पैशाचं. मोबदला वर्गातल्या तासांवर ठरतो. पेपर तपासणं, ईमेलला उत्तरं देणं, आजारी मुलासाठी वेगळी परीक्षा काढणं, हे बहुतेक त्यातच धरलेलं असतं. सगळे तास मोजून दर काढ आणि मगच सही कर. नोंदणी कमी झाली की वर्ग रद्द होतो. पूर्णवेळ प्राध्यापकांचा वर्ग रद्द झाला तर तुझा त्यांना देतात. सत्र तोंडावर आलेलं, टाचणं तयार, आणि माझा वर्ग असाच गेला होता.

कॅलिफोर्नियात एका कॉलेज डिस्ट्रिक्टमध्ये अर्धवेळ शिक्षकाला पूर्ण कामाच्या ६७ टक्क्यांहून जास्त काम देता येत नाही. म्हणून पोटासाठी शिकवणारे दोन-तीन डिस्ट्रिक्टांत धावतात. ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात त्यांना. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या, जेवण गाडीत. फार चांगले शिक्षक मी त्यात झिजताना पाहिले. राज्याने १९८८मध्ये ७५ टक्के अध्यापन पूर्णवेळ शिक्षकांकडून व्हावं असं उद्दिष्ट ठरवलं. बहुतेक ठिकाणी ते अजून लांब आहे. तेव्हा आज अर्धवेळ, उद्या पूर्णवेळ असा हिशेब मनात धरू नकोस. जागा निघाली तरी बाहेरच्या उमेदवारांसोबत तुलाही नव्याने अर्ज करावा लागतो, आणि वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्याला तो नकार फार लागतो.

जे हक्काचं आहे ते मात्र माग. १९८९च्या सर्व्हिसी खटल्यातल्या न्यायालयाच्या निकालामुळे अर्धवेळ शिक्षकांना सत्रांच्या मधल्या काळात बेकारी भत्ता मागता येतो. पुढे कधी याच कामावर अवलंबून राहायची वेळ आली तर अर्ज करायला लाजू नकोस. आरोग्य विमा, ऑफिस अवर्सचे पैसे आणि पेन्शन यांचे नियम डिस्ट्रिक्टगणिक बदलतात. ते युनियनच्या प्रतिनिधीला पहिल्याच आठवड्यात विचार.

मुलाखतीत नमुन्याचा पाठ घ्यायला सांगतील. रविवारी ये, आधी माझ्यासमोर घेऊन बघ. फळा अजून गॅरेजमध्ये आहे.

तुझी,
मावशी